पुलाकडची वाट

"सुनबाई, पाण्यात पाय घालायचे नाहीत," मामंजींनी व्हॅनमधून उतरायच्या आधीच सांगून टाकलं. "उमाकांत, तू हिच्याशेजारी उभा राहा. एक फोटो काढू आणि मग सावलीत बसू."

आम्ही फोटोला उभे राहिलो. मागं धरणाचं पाणी होतं, पण ते इतकं आत गेलं होतं की फोटोत आलं असेल असं वाटत नाही. मे महिना होता. पावसाळ्यात जिथं लाटा उठायच्या तिथं आता पांढरट वाळूचा लांबलचक उतार उघडा पडला होता, आणि तालुक्यातली माणसं त्याला चौपाटी म्हणायला लागली होती. भेळेच्या गाड्या लागल्या होत्या. रसाचा गाडा घुंगरं वाजवत होता. कुणीतरी एक उंटही आणला होता आणि त्याच्यावर बसलेली पोरं भेदरून किंचाळत होती. तळलेल्या माशांचा वास आला तसा मामंजींनी नाकाला रुमाल लावला आणि आमचं बिऱ्हाड गर्दीपासून लांब, एका वेड्या बाभळीच्या जाळीखाली हलवलं.

मी दुसरीकडंच बघत होते. डाव्या हाताला धरणाचा एक फाटा आत घुसला होता, खाडीसारखा. पाणी ओसरल्यामुळं तो कोरडा पडला होता आणि उन्हात जमीन भेगाळली होती. त्याच्या पलीकडं सडकेचा भराव आणि पूल. आम्ही येताना त्याच पुलावरून मोठा वळसा घेऊन आलो होतो, पण इथून सरळ रेषेत बघितलं तर पूल हाकेच्या अंतरावर वाटत होता. एक लाल एसटी पुलावरून आली, पलीकडच्या पत्र्याच्या शेडपाशी थांबली. कुणीतरी उतरलं, कुणीतरी चढलं, आणि गाडी निघून गेली.

"काय बघतीस?" आत्यांनी विचारलं. सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात.

"पक्षी."

त्यांनीही तिकडं बघितलं. तिकडं एकही पक्षी नव्हता. त्यांनी सतरंजीची सुरकुती हातानं सरळ केली आणि डबे सोडायला लागल्या.

आमचं घर पेठेत होतं. खाली पाइप, मोटारी आणि नळाच्या सामानाचं दुकान, वर घर. वरून खाली यायला जिना एकच, आणि तो उतरायचा थेट दुकानात, मामंजींच्या गादीसमोर. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी पोस्टात जायचं म्हणून खाली आले. मामंजी हसून म्हणाले, "काय हवं ते सांगा, माणूस आणून देईल. तुम्ही कशाला उन्हात?" मी परत वर गेले. त्यांचा आवाज कधी चढला नाही. मला कुणी बोट लावलं नाही, कुणी उपाशी ठेवलं नाही. भाजी वर यायची, बांगड्या भरणारी वर यायची, सणाला साड्यांचे गठ्ठे वर यायचे. फोन मात्र खाली, गादीशेजारी. मी फार्मसीचा डिप्लोमा केला होता. मला बघायला आले तेव्हा मामंजी माझ्या आईला म्हणाले होते, "शिकलेली मुलगी हवी आम्हाला. पुढं तिला मेडिकल काढून देऊ." मेडिकल काही निघालं नाही. शिकलेली सून मात्र पाहुणे आले की चहाचा ट्रे देऊन बाहेर बोलावली जायची.

उमाकांत वाईट नव्हते. वडील दिसले की ते उठून उभे राहायचे, एवढंच. रात्री मी काही म्हटलं तर "बघू" म्हणायचे आणि कूस बदलायचे.

आणि आत्या. सुगलाबाई. अंगानं जाड, गुडघे धरलेले, बोलणं मोजकं. मी गच्चीवर गेले की पाठोपाठ त्यांची जोडवी वाजायची. मी खिडकीत उभी राहिले की त्या मागं येऊन काहीतरी निवडत बसायच्या. त्या मामंजींचे डोळे आहेत हे मी पहिल्या वर्षीच ओळखलं होतं.

त्या उन्हाळ्यात मी घरात कुणाशी फारशी बोलत नव्हते. का, ते सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी विचारत नव्हतं. नवी व्हॅन घेतली तेव्हा मामंजी म्हणाले, "सुनबाईंना जरा मोकळी हवा लागू दे." तशी ही सहल ठरली. लग्नानंतर मी पहिल्यांदाच सगळ्यांबरोबर कुठं निघाले होते. त्या रस्त्यावर पूल आहे, पुलाच्या तोंडाशी थांबा आहे आणि दुपारी लातूरची गाडी तिथून जाते, हे मला माहेरच्या जाण्यायेण्यानं पाठ होतं.

जेवणं झाली. कडक भाकरी, शेंगांची चटणी, घट्ट दही, कांदा. मामंजींनी पान खाल्लं आणि उशाला टॉवेल घेऊन आडवे झाले. उमाकांत व्हॅनचं दार उघडं टाकून आत झोपले. आत्या बसल्या जागीच पेंगायला लागल्या. चौपाटीवरचा गलका वाऱ्यानं मधूनच ऐकू यायचा, मधूनच तुटायचा.

मी उठले. "आडोशाला जाऊन येते," कुणाला ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात म्हटलं. बायकांना एकटं जायची तेवढी एकच सबब होती.

आत्यांनी डोळे उघडले नाहीत.

बाभळीच्या जाळीमागं गेले आणि तिथून खाली उतरले, त्या कोरड्या फाट्यात. पायात पट्ट्याच्या चपला मी मुद्दामच घातल्या होत्या. जमीन दगडासारखी टणक होती. भेगा इतक्या रुंद की पाऊल अडकेल. शिंपल्यांचा चुरा पायाखाली करकरत होता. मी पळत नव्हते. पळणारी बाई लांबूनही दिसते. डोक्यावर पदर घेऊन, शेताला निघाल्यासारखी चालत होते. ऊन असं होतं की समोरचा पूल पाण्यात पडल्यासारखा हलत होता.

अर्ध्याच्या पुढं गेले आणि जमिनीचा रंग बदलला. पांढरटाची राखाडी झाली. भेगा बारीक झाल्या. भराव आता इतका जवळ दिसत होता की मी खाली बघायचं सोडून दिलं होतं.

पापड मोडावा तशी वरची कपची मोडली आणि माझा उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला.

मी तो उपसायला डावा पाय रोवला, तर तोही गेला. खाली काळा, लोण्यासारखा गाळ होता, आणि वरच्या उन्हाच्या मानानं इतका गार की अंगावर काटा आला. मी जोर लावला. जेवढा जोर लावला तेवढी खाली गेले. मांड्यांपर्यंत. पट्ट्याची चपल आत कुठंतरी पायाला धरून बसली होती, ती ना सुटत होती ना वर येत होती. मी हात टेकले तर हातही कोपरापर्यंत गेले. मग मात्र मी घाबरले.

ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. ओरडले तर कोण येणार? उमाकांत येणार, मामंजी येणार. मला वर ओढणार, पाणी पाजणार आणि मऊ आवाजात विचारणार, "सुनबाई, तुम्ही इकडं कुठं निघाला होता?"

मी तशीच उभी राहिले. उभी कसली, रोवलेली. डोक्यावर सूर्य, कंबरेखाली गाळ. पुढं भराव, मागं चौपाटी. रसाच्या गाड्याची घुंगरं इथवर ऐकू येत होती.

"हलू नगंस."

मान वळवली. आत्या येत होत्या. साडीचा ओचा वर खोचलेला, चपला हातात, गुडघे दुखत असताना त्या डुलत डुलत माझ्याच पावलांवरून येत होत्या.

"आत्या, पुढं येऊ नका! गाळ आहे!"

"दिसतंय मला."

दिसत असूनही त्या आल्या. हात पुढं करून, मला धरायला. माझ्या बोटांना त्यांची बोटं लागली आणि त्याच क्षणी त्यांच्या पायाखालचं मोडलं. त्या माझ्यापेक्षा जड. दोन्ही पाय एकदमच गेले. तोंडातून 'शिवा' एवढाच शब्द बाहेर पडला.

आम्ही दोघी एकमेकींचे हात धरून गाळात उभ्या होतो.

 मग आत्यांनी एक हात सोडवून घेतला, गळ्यातली चांदीची करडगी, ज्यात आमच्याकडं लिंग ठेवतात, ती पोलक्यातून काढली आणि पाठीवर टाकली. चिखल लागू नये म्हणून.

"ओरडू का आता?" मी विचारलं.

"कशाला?"

"कशाला म्हणजे? कुणीतरी येईल."

"आल्यावर काय सांगशील?"

मी भरावाकडं बघितलं.

"पाटल्या काढून ठेवल्यास सकाळी," आत्या म्हणाल्या. "कपाटात, रुमालात बांधून. गळ्यातलं सोन्याचं पण ठेवलंस, पोत घातलीस. सहलीला निघालेली बाई असंल नसंल तेवढं अंगावर घालती. तू काढून ठेवलंस."

"माझं नव्हतं ते. तुमचं होतं."

"तेच म्हणते मी."

 म्हणजे यांना सकाळपासून ठाऊक होतं. "मग सांगितलं का नाही मामंजींना?"

 वाकून त्या माझ्या मांडीभोवतीचा गाळ हातांनी बाजूला सारायला लागल्या. ओंजळ भरून काढायच्या, बाजूला टाकायच्या, तेवढ्यात खड्डा पुन्हा भरायचा. तरी काढतच होत्या. घाम त्यांच्या हनुवटीवरून गाळात टपकत होता. कपाळावरची विभूती ओली होऊन भुवयांत उतरली होती.

"राहू द्या आत्या. नाही होत."

"व्हतंय. चपलीचा पट्टा लागला हाताला. पाय ढिला सोड."

पट्टा सुटला. पाय आत थोडा हलला. पण वर घेऊ म्हटलं की दुसरा खाली जायचा. आत्या थांबल्या, धापा टाकत. मग गाळाकडं बघतच म्हणाल्या,

"तुझी आई गेल्याचा फोन आला, तवा मी जिन्यात हुते."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

माझी आई माघात गेली होती. मला कळलं तेव्हा तिला माती देऊन झाली होती. मामंजींनी मला खाली बोलावलं होतं, खुर्चीवर बसवलं होतं आणि म्हणाले होते, "आत्ताच फोन आला. तिकडच्यांनी घाई केली, कळवायला उशीर केला." मी माझ्या भावाशी भांडले होते. त्या घाईसाठी मी त्याला नको नको ते बोलले होते. तो शपथा घेऊन सांगत होता की आई गेली त्याच सकाळी त्यानं फोन केला होता. मला कुणाचं खरं मानावं कळत नव्हतं. मग हळूहळू कळलं होतं, पण कुणी तोंडानं बोललं नव्हतं. आजपर्यंत.

"दुसऱ्या दिवशी नव्या गोडाऊनचं उद्घाटन," आत्या सांगत होत्या. "स्वामीजी यायचे होते. हे म्हणाले, घरात रडारड नको, पाव्हणे जाऊ देत, मग सांगू. मला म्हणाले, तोंडातनं शब्द काढायचा न्हाई."

"आणि तुम्ही नाही काढलात."

"न्हाई काढला."

"पुरणपोळ्या केल्या होत्या त्या दिवशी."

"व्हय. तुझ्याच हातनं लाटून घेतल्या."

मी पोळ्या लाटत होते. पुरण छान जमलंय म्हणून हसले होते. एक मऊसूत पोळी आईला आवडते तशी बाजूला ठेवली होती, कुणी लातूरकडं जाणारं असेल तर पाठवू म्हणून. आत्या शेजारी तव्यापाशी बसल्या होत्या. त्या तिकडं तोंड करून पोळ्या उलटत होत्या, आणि माझ्या माहेरी आईला माती देत होते.

माझ्या पायाशी असलेला त्यांचा हात मी झटकला.

"मला हात लावू नका."

त्यांनी लावला नाही. आम्ही तशाच, हातभर अंतरावर, गाळात. जायला जागा नव्हती. ज्या माणसाचं तोंड बघायचं नाही त्याच्याकडं पाठ फिरवायचीसुद्धा सोय नव्हती. मला ओरडायचं होतं, रडायचं होतं, त्यांच्या तोंडावर गाळ फेकायचा होता. मी मुठीत घेतलाही होता. तो बोटांतून गळून गेला.

"माझी आई गेली तवा मला महिन्यानं सांगितलं होतं," आत्या म्हणाल्या. "हेंच्या बापानं. तवा मी उमाकांतच्या वेळी पोटुशी हुते. म्हणून म्हणे." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. "तुला म्हणून सांगत न्हाई. तू माफ कर असंबी म्हणत न्हाई. सकाळी पाटल्या बघितल्या आन् ठरवलं, आज तोंड उघडायचं न्हाई. एकदा तुझ्या विरुद्ध गप्प बसले, एकदा तुझ्या बाजूनं गप्प बसावं. पण तू हा रस्ता धरलास. इथं गाळ असतोय, हे आमच्या लहानपणी धरणाचं पाणी नव्हतं तवापास्नं ठाऊक हाय. ओढा हाय खाली. म्हणून आले."



आत्यांनी निऱ्या सोडायला सुरुवात केली.

"काय करताय?"

"बघ नुसती."

ज्या बाईचा पदर मी डोक्यावरून ढळलेला कधी बघितला नव्हता, ती त्या उघड्या माळावर साडी सोडत होती. खालचा काठ गाळात होता, तो त्यांनी दोन्ही हातांनी ओढून काढला. साडीची घडीवर घडी घातली, जाड पट्टी केली आणि माझ्यापुढं, भरावाच्या बाजूला पसरली. आता त्या परकर-पोलक्यावर होत्या, उन्हात, गाळात.

"छाती टेक हेच्यावर. पालथी पड. पाय पोहल्यासारखं मागं सोड. उभं राहायचं मनातबी आणू नगंस."

मी पालथी पडले. आत्यांनी मागून माझा पाय धरला आणि गाळ खरवडत, ढकलत, शिव्या घालत वर लोटला. एक पाय सुटला. मग दुसरा, गाळानं मोठा आवाज करून सोडला. मी साडीवरून सापासारखी सरपटत पुढं गेले. साडी संपली तिथं जमीन कडक लागली. हातानं ठोकून बघितली. खरंच कडक होती.

मी उठून बसले. मागं आत्या कंबरेच्या वर गेल्या होत्या. मला ढकलायला लावलेला सगळा जोर त्यांना खाली घेऊन गेला होता.

"साडी टाकते," मी म्हटलं. "धरा, मी ओढते."

"तुझ्यानं मी ओढली जाणार हाय व्हय? बघितलंस का मला कधी?" त्या हसल्या. दात पांढरे दिसले, बाकी सगळं काळं. मग पुलाकडं बघून म्हणाल्या, "गाडी आली तुझी."

लांब, पुलाच्या त्या टोकाला, लाल ठिपका दिसत होता.

"जा. गाडी गेली की मी ओरडते. मग येतील समदे. मला काढतील. काय विचारायचं ते मला विचारतील."

"आणि तोवर?"

"तोवर हाय की मी हितं. कुठं जाणार हाय?"

मी गेले. हे सांगितलंच पाहिजे, की मी गेले. भराव चढताना काटे लागले, अनवाणी तळवे डांबरावर भाजले, पण मी मागं वळून बघितलं नाही. माझ्या डोक्यात तव्यापाशी बसलेली ती पाठ होती. मनात म्हणत होते, राहू दे, उभी राहू दे तशीच, जरा कळू दे.

गाडी थांबली. दार उघडलं. कंडक्टर माझ्याकडं बघतच राहिला. खांद्यापासून पायापर्यंत गाळ, पायात चपला नाहीत.

"अहो ताई, काय झालं? कुठं जायचंय?"

मी लातूर म्हणायला तोंड उघडलं.

"माणूस अडकलंय खाली," मी म्हणाले. "म्हातारं माणूस आहे. माझी सासू आहे. उतरा हो कुणीतरी, उतरा!"

अख्खी गाडी उतरली म्हटलं तरी चालेल. ड्रायव्हरनं टपावरच्या सामानाचा दोर सोडवला. कुणी लग्नाला निघालेले लोक होते, त्यांच्याकडं ताडपत्री होती, ती आणली. कुठं पाय टाकायचा, कुठं नाही, हे मी ओरडून सांगत होते. एक पहिलवान गडी ताडपत्रीवर पालथा पडून पुढं सरकला आणि त्यानं आत्यांच्या काखेखालून दोर घातला. "मावशी, घट्ट धरा," तो म्हणाला. "धरलंय की बाबा, ओढ तू," आत्या म्हणाल्या. दोर ताणला. पहिल्यांदा काहीच झालं नाही. आत्यांचे ओठ पांढरे पडले, डोळे मिटले गेले, आणि मला वाटलं आता काही खरं नाही. मी ताडपत्रीवर झोपून त्यांचं मनगट धरलं.

"हात लावू का?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"लावा," मी म्हटलं.

गाळानं त्यांना सोडलं तेव्हा भरावावर उभ्या असलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

आत्यांना सडकेच्या कडेला, शेडच्या सावलीत बसवलं. एका बाईनं तिची चादर त्यांच्या अंगाभोवती गुंडाळली. कुणी पाणी दिलं. त्या घोट घेत होत्या तोवर नवी व्हॅन धूळ उडवत वळसा घालून आली. आरडाओरडा चौपाटीवर पोहोचला होता.

मामंजी उतरले. गर्दी बघितली, एसटी बघितली, मला बघितलं, आणि शेवटी आत्यांना.

"काय प्रकार आहे हा?" आवाज नेहमीसारखाच मऊ. मग माझ्याकडं वळून, "सुनबाई, तुम्ही इकडं कशा आलात?"



"मी चालले हुते," आत्या म्हणाल्या.

"कुठं?"

"घर सोडून. ही पोरगी मला परत न्यायला मागनं पळत आली. माझ्यापायी अडकली चिखलात."

मामंजी लोकांकडं बघून किंचित हसले. "ऊन लागलंय हिला. चला, उठा. गाडीत बसा."

"न्हाई."

"सुगला, गाडीत बस."

"नवी गाडी हाय. घाण व्हईल."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. मामंजींच्या गळ्याची शीर हलली. ते खाली वाकले आणि दातांतून म्हणाले, "माणसं बघतायत."

"बघू द्या. जलमात इतकी माणसं मला कधी बघितली न्हाईत." आत्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि उठल्या.  "ही येईल माझ्यासंगं. मला एकटीला जमायचं न्हाई."

"कुठं जाणार आहेस तू? माहेरी कोण उरलंय तुझं?"

 आत्या माझा खांदा धरून उभ्या राहिल्या. कंडक्टरनं घड्याळ बघितलं, पण घंटी मारली नाही. मामंजींनी माझ्या दंडाकडं हात नेला, आणि मला वाटलं, झालं, संपलं.

"अप्पा, जाऊ द्या त्यांना," उमाकांत म्हणाले.

ते व्हॅनच्या दारापाशी उभे होते. वडिलांसमोर त्यांना स्वतःहून बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. मामंजींचा हात थांबला. उमाकांतनी व्हॅनमधली पाण्याची बाटली काढली, माझ्या हातात दिली आणि खाली बघत बाजूला झाले.

पुढं काय झालं ते सांगण्यासारखं फार नाही. लातूरला माझी हॉस्टेलवरची मैत्रीण झुबेदा होती, तिच्या ओळखीनं मला एका मेडिकलमध्ये काम मिळालं. मी परत गेले नाही. उमाकांत दोनदा येऊन बसून गेले, चहा घेतला, "बघू" म्हणाले. नंतर रीतसर फारकत झाली. आठ दिवस राहते म्हणालेल्या आत्या राहिल्या त्या राहिल्याच. आमच्यात त्या पोळ्यांचा विषय पुन्हा कधी निघाला नाही. मी त्यांना माफ केलं का, हे मला अजून नीट सांगता येत नाही. त्या आजारी पडल्या तेव्हा मी रजा घेऊन उशाशी बसले, आणि गेल्या तेव्हा उमाकांतना फोन मीच केला, त्याच घटकेला.

पण त्या दुपारी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आम्ही गाडीत चढलो. लोकांनी आम्हाला पुढचं बाकडं मोकळं करून दिलं, आणि आमच्या अंगाचा गाळ त्या बाकड्यावर, फरशीवर, शेजारच्या म्हातारीच्या गाठोड्यावर लागला तरी कुणी काही बोललं नाही. आत्या खिडकीशी बसल्या. बाहेर मामंजी उभे होते, पण आत्यांनी तिकडं बघितलं नाही. समोर बघत होत्या, रस्त्याकडं. चादर त्यांनी दोन्ही मुठींत घट्ट धरली होती.

घंटी वाजली. गाडी सुटली. जरा वेळानं कंडक्टर तिकिटाची पेटी घेऊन आमच्यापाशी आला.

"हं, मावशी. कुठलं देऊ?"

आत्यांनी माझ्याकडं बघितलं.

"सांग की," त्या म्हणाल्या. "मला कुठं ठाऊक हाय, आपण कुठं चाललोय ते."